तारांखालचा काळा पट्टा

जिवाणू जिवंत असतात आणि तापत्या पत्र्याखाली ठेवले की मरतात. एवढं एक साधं वाक्य मला सरकारी नोटिशीच्या उत्तरात लिहावं लागलं. नोटीस मी फाडलेली नाही. घरात कपाटात आहे. कधी कपडे काढताना हाताला लागते आणि माझे कान तापतात.

मी कृषी सहायक आहे. त्या वेळी माझ्याकडं तेरणेच्या काठावरची चार गावं होती. मी येडशीला राहायचे, सकाळी स्कूटीवर निघायचे आणि गावात जाऊन कधी पारावर, कधी शाळेच्या व्हरांड्यात बैठक घ्यायचे. उन्हाळ्याच्या तोंडावर एकच विषय असायचा, पाचट जाळू नका. ऊस तोडून नेला की रानात गुडघाभर वाळलेला पाला उरतो, ते पाचट. तोडणीवाल्यांची खोपटी उठली की दोन दिवसांत त्याला काडी लावायची ही तिकडची रीत. तासाभरात रान मोकळं. संध्याकाळी परत येताना नदीच्या दोन्ही अंगांना धूर दिसायचा आणि घरी पोचेपर्यंत माझ्या ओढणीवर काळी कुसळं बसलेली असायची.

मी बैठकीत सांगायचे, पाचट हे मातीतल्या जिवाणूंचं जेवण आहे. आगीनं वरच्या दोन बोटं मातीतले जिवाणू मरतात, ते एक वेळ खालून पुन्हा वर येतील. पण त्यांच्या पुढ्यातलं ताटच आपण दर साली जाळतो. खायला नसेल तर ते वाढणार कसे? आणि ते नसतील तर मातीचे कण एकमेकांना धरून रान भुसभुशीत राहणार कसं? लोक ऐकून घ्यायचे. मग मागून कुणीतरी विचारायचं, "मॅडम, तुमच्या घरी किती एकर ऊस हाय?" आमच्या घरी ऊस नव्हता. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मग सगळे हसायचे आणि बैठक संपायची.

अशाच एका बैठकीनंतर मी स्कूटी काढत होते तेव्हा एक बाई जवळ आल्या. पन्नाशी उलटलेली, डोक्यावरून पदर, हातात खुरपं. बैठकीत त्या बसल्या नव्हत्या, शाळेच्या भिंतीपलीकडं उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ताई, एक इचारू?"

"विचारा की, मावशी."

"म्या लग्न करून आले तवा आमच्या रानात खुरपं लोण्यात जावं तसं जायचं. आता आपटलं की भांड्यावाणी वाजतंय. पाणी दिलं तर वरच्या वर तळं हुतंय. ते जाळल्यानं व्हतंय का?"

दोन वर्षं मी बैठका घेत होते. जमिनीकडं बघून मला प्रश्न विचारणारं ते पहिलं माणूस. बाकीच्यांनी अनुदान विचारलं, ठिबकचं कधी येणार विचारलं, माझं गाव आणि माझं लग्न झालंय का तेही विचारलं. आपल्या मातीला काय झालंय हे कुणी विचारलं नव्हतं.

मी स्कूटी परत स्टँडवर लावली आणि आम्ही त्यांच्या रानात गेलो. दोन एकर ऊस. नवऱ्याचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळं रान त्याच बघायच्या. बांधाला लागून दिराचं रान आणि दोघांत मिळून एक विहीर. रानाच्या मधून आडव्या विजेच्या मोठ्या तारा गेल्या होत्या. मावशींनी खूप शंका काढल्या. पाचट ठेवलं तर साप होतील का, उंदीर खोडवा, म्हणजे बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस, कुरतडतील का, पाणी पुढं जाईल का. मी एकेकीचं उत्तर दिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं. ह्या साली जाळत न्हाय. पण ताई, तुमी येत ऱ्हायचं. एकदा सांगून गेलेली मानसं म्या लई बघितलीत."

फेब्रुवारीच्या शेवटी ऊस गेला. आम्ही उसाचे बुडखे जमिनीलगत छाटून घेतले, पाचट सऱ्यांमध्ये सारखं पसरलं. आदल्या दिवशी मावशींनी त्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकून ठेवलं होतं. मी तालुक्याच्या गोदामातून पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंचे पुडे आणले होते. काळसर भुकटी असते ती. ओलसर शेणखतात कालवून पाचटावर फेकायची आणि वरून पाणी द्यायचं. मी रस्त्याकडून सुरुवात केली, मावशींनी विहिरीकडून. गाठ पडली ती बरोबर तारांखाली आणि तिथंच दोघींच्या पाट्या रिकाम्या झाल्या. मधला थोडा भाग राहिला.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले, "पुढच्या खेपेला आणते." ती पुढची खेप झालीच नाही.

दीर बांधावर बसून हे सगळं बघत होते. "वैनी," ते म्हणाले, "सरकारच्या पुड्यानं रान पिकत असतं तर सरकारनंच शेती केली असती." त्याच आठवड्यात त्यांनी आपलं पाचट पेटवलं. राख उडून मावशींच्या रानावर आली. मावशी बांधालगतच्या सरीत बादलीनं पाणी टाकत उभ्या राहिल्या, ठिणगी इकडं येऊ नये म्हणून.

एप्रिलमध्ये गेले तेव्हा पाचट जसंच्या तसं होतं. पिवळं, कडक. मावशींनी एक पात वाकवली तर ती कट्‌कन मोडली. खोडव्याला फुटवे चांगले आले होते, पण उंदरांनी दोन ठिकाणी घर केलं होतं आणि एक धामण दिसली होती. ती बातमी दिरांनी गावभर केली.

"ताई, किती दिस लागत्यात कुजाया?" मावशींनी विचारलं. त्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळं मला जास्त लाज वाटली.

"लागतात दोन-तीन महिने. थोडं थांबा," मी म्हणाले. खरं तर तोपर्यंत पात मऊ पडायला हवी होती, रंग बदलायला हवा होता. मला ते माहीत होतं. मी खात्रीनं खोटं बोलून परत आले.

मेच्या मध्यावर मावशींचा फोन आला. "या बरं जरा. एक दावायचंय."

ऊस तेव्हा कमरेच्या वर आला होता. मावशी पुढं आणि मी मागं, अशा आम्ही रस्त्याकडून एका सरीतून आत शिरलो. पायाखाली पाचट चरचर वाजत होतं. चालता चालता आवाज बंद झाला. मला वाटलं मावशी थांबल्या. त्या चालतच होत्या, पाय मात्र मऊ पडत होता. मी खाली वाकले. वरचा एक पातळ पिवळा थर बाजूला केला तर खाली सगळं काळं. पात हातात घेतली तर तिचा चुरा झाला. आत पांढरे बुरशीचे धागे पसरले होते. बोटभर माती उकरली तर मे महिन्यात, धाराशिवच्या उन्हात, तिथं गांडूळ होतं. मी माती नाकाशी नेली. वास आला, ओल्या जुन्या मातीला येतो तो.

आणखी दहा-बारा पावलं गेलो आणि पुन्हा चरचर सुरू. पुन्हा पिवळं, पुन्हा कडक, थेट विहिरीपर्यंत.

आम्ही दोघींनी पुढची सरी बघितली. तिसरी, चौथी. सगळीकडं तसंच. एकच सरी, एकच पाणी, एकच युरिया आणि मध्ये एक काळा पट्टा. मी वर बघितलं. डोक्यावर तारा होत्या.

"मावशी, तारांखाली वेगळं काय करता तुम्ही?"

"कायबी न्हाय. तिथं जाळत न्हाय, एवढंच." मग त्यांनी सांगितलं. सासऱ्यांच्या काळात एकदा पाचट पेटवलं तेव्हा जाळ तारांपर्यंत गेला होता. लाइनमन येऊन दम देऊन गेला, पुन्हा असं केलं तर केस करीन म्हणाला. तेव्हापासून ते तारांखालचं पाचट तसंच ठेवायचे आणि फक्त दोन्ही बाजूंचं पेटवायचे. ती सवयच पडली. त्या पट्ट्यात इतकी वर्षं आग लागली नव्हती आणि पाला मात्र दर साली तिथं पडून राहायचा.

मावशींनी एकदा वर तारांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "ताई, आपले पुडे हितंच सरले व्हते न्हाय?"

हो. तिथंच सरले होते.

"म्हंजी पुडा टाकला तिथं कुजलं न्हाय अन् न्हाय टाकला तिथं कुजलं?"

तसंच होतं. जिथं जमिनीला तिचं जेवण मिळत गेलं होतं तिथं तिचे स्वतःचे जिवाणू होते आणि त्यांनी त्यांचं काम केलं होतं. बाकीचं रान वर्षानुवर्षं उपाशी होतं. तिथं आम्ही विकतचे, सरकारचे जिवाणू टाकले होते. मग ते कुठं गेले?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गोदामात गेले. आजवर मी तिथं सकाळी जायचे, दारात उभी राहून सही करायचे, पुडे शिपाई बाहेर आणून द्यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा आत गेले. चहूबाजूंनी पत्रा, वर पत्रा, खिडकी नाही. आत पाऊल टाकलं आणि भट्टीचं तोंड उघडल्यासारखं वाटलं. एका बाजूला तणनाशकाचे डबे, त्यांच्या उग्र वासानं डोळे चुरचुरले. दुसऱ्या बाजूला छतापर्यंत थप्पी लावलेले जिवाणूंचे पुडे. मी सर्वांत वरच्या पुड्याला हात लावला. भाकरी तव्यावरून काढल्यासारखा तो गरम होता. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, थंड जागी ठेवावे, उन्हापासून आणि औषधांपासून दूर ठेवावे.

"हे कधी आले?" मी शिपायाला विचारलं.

"हे मार्चात. अन् तुमी फेब्रुवारीत नेले ते गेल्या उन्हाळ्याच्या आधीचे."

म्हणजे मी मावशींच्या रानात टाकलेले पुडे मागचा आख्खा उन्हाळा या पत्र्याखाली भाजले होते. पुड्यावरची मुदत संपलेली नव्हती. कागदावर ते जिवंत होते.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण ती लपवली तर माझ्या रागाला अर्थ राहणार नाही. ते पुडे आणले त्या दिवशी मी तीन तास एका बैठकीत होते आणि पुडे स्कूटीच्या डिकीत उन्हात होते. ज्या बाईनं चार गावांना जिवाणूंवर भाषणं दिली, तिनंच ते केलं. मलाही ती भुकटीच वाटली होती.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण लातूरला एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मी तिच्याकडं चार पिशव्या घेऊन गेले. गोदामात मागं राहिलेला जुन्या खेपेतला एक पुडा, मार्चात आलेला एक नवा, जाळलेल्या भागातली माती आणि तारांखालची माती. तिनं आठवडाभरानं बोलावलं आणि टेबलावर चार काचेच्या बश्या ओळीनं मांडल्या. जुन्या पुड्याची बशी अगदी स्वच्छ. नव्या पुड्याच्या बशीत कुठं कुठं एखादा ठिपका. जाळलेल्या मातीच्या बशीत बऱ्यापैकी ठिपके होते. तारांखालच्या मातीच्या बशीत मात्र मोजायला जागा नव्हती. पांढरे, पिवळे, तपकिरी, एकमेकांवर चढलेले.

"एवढ्यावरून सगळं सिद्ध होत नाही हं," मैत्रीण म्हणाली. ती फार सरळ आहे. "मातीतले बहुतेक जिवाणू अशा बशीत वाढतच नाहीत. आणि तू एकाच रानातून माती आणलीस. पण पुड्यांचं विचारशील तर ते मेलेत. त्यावर मी सही करून देते."

तिनं सही करून दिली. मी एक पान लिहिलं. कोणते पुडे, कुठं ठेवले, काय झालं आणि काय करायला हवं. शेवटी एवढंच, की नवीन पुडे वाटू नयेत आणि यापुढं ते गारव्याला ठेवावेत. ते पान घेऊन मी तालुक्याच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि हसले. "मॅडम, जिवाणू म्हणजे काय दूध आहे का, नासायला?"

"हो साहेब. अगदी तसंच आहे."

"माल वरून येतो. आपण फक्त वाटायचा. वाटला नाही तर शिल्लक का, हे मला विचारतील, तुम्हाला नाही." मग त्यांची नजर मी जोडलेल्या फोटोवर गेली. काळी माती, पांढरे धागे, माझ्या तळहातावर गांडूळ. ते खुर्चीत पुढं सरकले. "हा फोटो कुठला? तुमच्याच प्रात्यक्षिकातला? अहो, मग हे आधी सांगायचं! जिल्ह्याहून मोठे साहेब यायचे आहेत. हाच प्लॉट दाखवू."

"साहेब, तिथं पुडा टाकलेलाच नाही. तेच तर लिहिलंय मी."

"प्लॉटमध्ये टाकलाय ना? मग झालं. कुठल्या सरीत किती, ते कोण बघतंय?"

मी काय काय बोलले ते मला आता नीट आठवत नाही. आवाज चढला होता एवढं आठवतं, कारण बाहेरच्या टेबलावरचे सगळे केबिनकडं बघत होते. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही भावनिक होऊ नका." पुरुष माणूस चिडला की तो कडक अधिकारी. बाई चिडली की ती भावनिक.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शिवारफेरी झाली. मावशींच्या बांधावर, तारांलगत, मांडव टाकला. फ्लेक्सवर जिवाणू संवर्धकाच्या पुड्याचा माणसाएवढा फोटो होता. तीन जीपमधून आजूबाजूच्या गावांतले शेतकरी आणले. मोठ्या साहेबांना बरोबर मधून, तारांखालच्या पट्ट्यात नेलं, रस्त्याकडून एक वाट मुद्दाम झाडून ठेवली होती म्हणजे पायाखाली चरचर वाजणार नाही. त्यांनी मूठभर काळी माती उचलली, फोटो निघाला. मी मागं उभी होते. आदल्या दिवशी मला सांगितलं होतं, तुम्ही बोलायची गरज नाही.

मी मावशींना काहीही शिकवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. उलट सकाळी मला वाटलं होतं, बिचाऱ्या घाबरतील, सांगितलेलं बोलून मोकळ्या होतील आणि त्यात त्यांची काय चूक. त्यांना गुच्छ दिला, माइक हातात दिला आणि साहेब म्हणाले, "सांगा मावशी, पुड्याचा कसा फायदा झाला. दोनच शब्द."

मावशींनी गुच्छ खुर्चीवर ठेवला. माइक तोंडापासून लांब धरला, त्यामुळं पहिले शब्द ऐकूच गेले नाहीत. मग आवाज आला.

"...तर आमी दोघींनी पुडं टाकलं. ताईंनी अन् म्या. पर हितं, तुमी हुबं राहिलात तिथं, टाकलाच न्हाय. पुडं सरलं. जिथं टाकलं तिथलं पाचट तसंच हाय, चला दावते. हितलं कुजलं ते आमी हितं जाळत न्हाय म्हनून. दुसरं कायबी न्हाय."

 साहेब पुढं आले, हसत म्हणाले, "मावशींचा थोडा गोंधळ होतोय. वय झालं."

"गोंधळ न्हाय," मागून आवाज आला. दीर उठून उभे राहिले होते. ज्यांनी फेब्रुवारीपासून त्यांची चेष्टा केली होती तेच. "म्या बांधावर बसून बघत व्हतो. पाट्या हितंच रिकाम्या झाल्या. वैनी खरं बोलत्यात."

मोठ्या साहेबांनी हातातली माती खाली टाकली, रुमालानं बोटं पुसली. "पुडे ठेवता कुठं तुम्ही?" त्यांनी साहेबांना विचारलं. क्षणभर मला वाटलं, आता काहीतरी होईल. साहेब म्हणाले, "गोदामात, सर." मोठे साहेब "बरं" म्हणाले. मग जेवणाची वेळ झाली होती.

जीपमधून आलेल्या शेतकऱ्यांमधले पाच-सहाजण मात्र जेवायला गेले नाहीत. ते मावशींच्या मागं विहिरीकडच्या भागात गेले. चरचर वाजवत चालले, पात मोडून बघितली, मग परत येऊन काळ्या पट्ट्यात बोटं खुपसली.  एका म्हाताऱ्या बाबांनी माती रुमालात बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मोठे साहेब, मूठभर काळी माती आणि बाजूला मावशी. खाली मजकूर, सरकारी जिवाणू संवर्धकामुळं पाचटाचं सोनं झालं, महिला शेतकऱ्याची कृतज्ञता. मावशींना वाचता येत नाही. दिरांनी वाचून दाखवलं. मी संध्याकाळी गेले तेव्हा त्या ओट्यावर पेपर पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"ताई, तोंड माझं छापलं अन् बोलनं दुसऱ्याचं छापलं," त्या म्हणाल्या. "असं करता येतं व्हय?"

 येतं, असं कसं सांगू?

चौथ्या दिवशी नोटीस आली. शासकीय कार्यक्रमात शेतकऱ्यास चिथावणी दिली, योजनेची बदनामी केली, खुलासा करावा. मी खुलासा केला. पुन्हा तेच पान, मैत्रिणीच्या सहीसकट, आणि वर ते एक वाक्य. जिवाणू जिवंत असतात आणि तापत्या पत्र्याखाली ठेवले की मरतात. त्याचं उत्तर मला आजपर्यंत आलेलं नाही. नोटीस मागंही घेतली नाही आणि पुढंही नेली नाही. पुढच्या बदल्यांमध्ये माझं नाव आलं, परंड्याकडं, सोनारीच्या बाजूची गावं. बदली नियमातच होती, असं सगळे म्हणाले. असेलही.

मला बदलीचा राग नाही. नोटिशीचाही आता तेवढा नाही. मार्चमध्ये आलेले ते पुडे वाटले गेले, याचा आहे. माझ्या गावांत मी ते घेतले नाहीत, तर दुसऱ्या गावांना ते जास्तीचे दिले. तिथंही एखाद्या मावशीनं दिराचे टोमणे ऐकूनही पाचट ठेवलं असेल. तिच्या रानातून तारा जात नसतील. तिला काळा पट्टा दिसला नसेल. तिनं दोन-तीन महिने वाट बघितली असेल, पाचट पिवळंच राहिलं असेल आणि शेवटी तिनं स्वतःच काडी लावली असेल. आणि पुढं दहा वर्षं त्या गावात कुणी पाचटाचं नाव काढलं की लोक म्हणतील, तिनं ठेवून बघितलं होतं, काही होत नाही. ही नासाडी कुठल्या साठा नोंदवहीत लिहायची? पुडे वाटले, साठा शून्य, काम पूर्ण.

सोनारीला आल्यावर मी माझ्यापुरता नियम केला. पुडे उन्हं चढायच्या आधी उचलायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, त्याच दिवशी रानात टाकायचे. आणि सर्वांत आधी सांगायचं, की हे नसले तरी चालेल, जाळू मात्र नका. लोकांना हे विचित्र वाटतं. सरकारी बाई आणि म्हणते सरकारी पुडा नसला तरी चालेल.

मावशींचा अधूनमधून फोन येतो. पुढच्या साली त्यांनी पुडे मागितलेच नाहीत. तारांखालची माती पाट्यांनी उचलून, शेणात कालवून बाकीच्या रानात टाकली आणि पाचट ठेवलं. मी म्हणाले होते, एका वर्षात काही दिसणार नाही. दिसलंही नाही फारसं. त्या साली दिरांनी पेटवलेली आग वाऱ्यानं बांध ओलांडून आली आणि मावशींच्या तीन सऱ्या जळाल्या. मावशींनी दिरांना घरातून हाताला धरून आणलं, खोरं दिलं आणि आग विझेपर्यंत त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यानंतर दोघांचं चार महिने बोलणं बंद होतं.

गेल्या महिन्यात फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं की रस्त्याकडच्या भागात, पट्ट्याला लागून, पाचट मऊ पडायला लागलंय. विहिरीकडं अजून कडकच आहे. मी विचारलं, दिरांचं काय?

"विहिरीकडचं एक एकर ठिवलंय त्यांनी बिन जाळता," मावशी म्हणाल्या. "बाकीचं पेटवलं. म्या म्हनलं, भावजी, अर्धं का? तर म्हनत्यात, वैनी, आधी बघू तर द्या."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हनलं, बघा. पन पाच वर्सं बघा. एका उन्हाळ्यात काडी हुडकू नका."